तारेचा गारवा

"पण पेटी जायची कुठे?" इर्माने पुन्हा विचारलं.

"ते मी बघते," डॉ. बेक म्हणाल्या. "तू शुक्रवारी सकाळी तारेची मूर्ती पेटीत नीट बसव. आणि कुणाशी बोलू नकोस."

आशियातली कला जपणाऱ्या त्या राष्ट्रीय संग्रहालयात डॉ. बेक संचालक होऊन वर्षही झालं नव्हतं. इर्मा टॉलिव्हर मात्र डॉ. बेक शाळेत शिकत होत्या तेव्हापासून तिथली तळघरं सांभाळत होती. कुठे चाललीय हे तिला न सांगता एकही वस्तू आजवर दाराबाहेर गेली नव्हती.

आणि ही तर तारा देवी. नेपाळची, काळ्या दगडाची, काखेत मावेल एवढी. इर्मा रोज कामाला लागण्याआधी तिच्यासमोर उभी राहायची.

दुपारी ती बाहेरच्या बाकावर वेंडेल क्रॉफ्टशेजारी बसली. वेंडेल उपसंचालक. संचालकाची खुर्ची याही वेळी त्याला मिळाली नव्हती, पण त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. कोपऱ्यावरच्या गाडीवरून त्याने दोघांसाठी सॉसेज घातलेले पाव आणले होते. तिच्या पावात कांदा जास्त, तिला आवडतो तसा.

"कुठे नेणार, ते सांगितलंच नाही?"

"नाही ना."

वेंडेलने तोंड पुसलं. "मी काही बोलत नाही बाई. मी बोललो की लोक म्हणतात, जळतो मेला."

"बोल रे. मी काय लोक आहे?"

"इथे येण्याआधी त्या कुठे होत्या?"

"लिलाव कंपनीत."

"बघ, हे तू म्हणालीस. मी नाही हं."

मग इर्माला एकेक गोष्ट दिसायला लागली. ती खोलीत शिरली की डॉ. बेक फोन ठेवत. मंगळवारी, संग्रहालय बंद झाल्यावर, त्यांनी राखाडी सुटातल्या एका माणसाला आत आणलं. तो तारेकडे बघत उभा राहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघत राहिला.

"आणि त्यांना कळलं तर?" त्याने हळूच विचारलं.

"कळेपर्यंत ती विमानात असेल," डॉ. बेक म्हणाल्या.

इर्मा खांबाआड होती.

"विश्वस्तांकडे जाऊ या," ती वेंडेलला म्हणाली.

"काय सांगणार? खांबामागून ऐकलं म्हणून? तुझ्या पेन्शनला किती राहिलंय?"

"थोडंच."

"तुलाच आधी घरी पाठवतील." तो मग सहज विचारावं तसं म्हणाला, "आंधळ्या पाहुण्यांना हात लावायला आपण तारेची नक्कल केली होती ना? हुबेहूब आहे म्हणतात."

"दिसायला हुबेहूब."

"मग झालं. पैसेवाला माणूस नुसता बघतो, हात कुठे लावतो?"

"आणि खरी?" इर्माने विचारलं.

"खरी माझ्या कपाटात राहील," तो म्हणाला. "झडती झालीच तर पहिली तुझ्या खोलीची होईल. बाईसाहेब उघड्या पडल्या की तू तुझ्या हातांनी तिला जागेवर ठेव."

शुक्रवारी सकाळी इर्माने दार लावून घेतलं. तारेला उचललं तेव्हा दगडाचा गारवा तळव्यांतून थेट कोपरापर्यंत चढला. नकलेला तो गारवा नव्हता. वजनही नव्हतं, म्हणून तिने पेटीच्या तळाशी वाळूच्या पिशव्या घातल्या आणि झाकण बसवलं.

वेंडेल त्याची निळी पेटी घेऊन आला. दर शुक्रवारी तो कामावरून परस्पर मासे धरायला जायचा, त्यामुळे ती पेटी सगळ्यांच्या ओळखीची होती. दारावरचा पहारेकरी टेस्फाये तिच्यावरून त्याची चेष्टा करायचा.

"हिच्यातून कपाटापर्यंत नेतो," वेंडेल म्हणाला. "कुणी बघणारही नाही."

इर्माने तारेला मऊ कापडात गुंडाळून आत निजवलं. "चार दिवस कळ काढ, पोरी," ती पुटपुटली.

दुपारी सगळ्यांना मोठ्या दालनात बोलावलं. लाकडी पेटी मंचावर उघडून ठेवलेली होती आणि तिच्याशेजारी नक्कल. राखाडी सुटातला माणूस तिथे होता. त्याच्या बाजूला नेपाळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ, नातीचा हात धरून.

"ही तारा नेपाळमधल्या पाटणच्या एका पाणवठ्यावर उभी होती," डॉ. बेक म्हणाल्या. "तिथून ती चोरीला गेली. आज ती घरी चाललीय. हे नेपाळच्या दूतावासातले आमचे मित्र, आणि हे त्या पाणवठ्याचे पुजारी. ती संग्रहालयाला देणाऱ्या देणगीदाराच्या वारसांना सुगावा लागला असता तर त्यांनी तिला कोर्टात अडकवलं असतं. आज सकाळी कागद झाले. तोवर मला सगळ्यांपासून लपवावं लागलं, माफ करा."

इर्माचे कान तापले. पण लगेच तिला हायसं वाटलं. तारा वर कपाटातच आहे. वेंडेलला सांगायचं, गुपचूप अदलाबदल करायची. अजून काही बिघडलं नव्हतं.

"इथे फक्त एका माणसाला हे ठाऊक होतं," डॉ. बेक हसून म्हणाल्या. "अगदी पहिल्या दिवसापासून. वेंडेल, उभा राहा बरं!"

टाळ्या वाजल्या. माना वळल्या. पहिल्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी होती.

मंचावर म्हातारे पुढे सरकले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरा पडदा होता. लहानपणी रोज पहाटे तारेला अंघोळ तेच घालत, असं नात सांगत होती. त्यांनी दोन्ही तळवे मूर्तीच्या गालांवर ठेवले. हात तिथेच थांबले. ते काहीतरी म्हणाले.

नात गोंधळली. "आजोबा विचारतायत, ही गार का नाही?"

इर्मा धावत दारापाशी आली. "टेस्फाये! वेंडेल कुठेय?"

"ते मघाशीच गेले की, मिस इर्मा. निळी पेटी घेऊन." टेस्फाये हसला. "गाडीत ठेवायला मी हात लावला, तर केवढी जड! म्हटलं, आज धरायच्या आधीच मासे? तर म्हणाले, आत काय आहे ते इर्माला विचार, तिनेच भरून दिलीय."