ब्रश पुसायचं फडकं

टेबलावर शेवटची काच ठेवून झाली, तरी खरेदीवाल्या बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मोठ्या स्टोअरच्या अगदी वरच्या मजल्यावरची ती खोली अशी गार, की धाकटीचे शब्दही गारठून बाहेर पडत होते. थोरली खुर्चीच्या कडेवर टेकली होती, कुणी उठवलंच तर पटकन उठता यावं म्हणून. रंगवायचं थोरलीने आणि बोलायचं धाकटीने, अशी दोघी बहिणींची पहिल्यापासूनची वाटणी. त्यांचा कारखाना म्हणजे घराची मागची खोली. तिथे एक टेबल, एक भट्टी आणि दिव्यांवर बसवायच्या काचेच्या शेड.

"हे बघा, ह्यातलं एक पान छापलेलं नाही," धाकटी म्हणाली. "सगळं ताईच्या हातचं. रंगवून झालं की भट्टीत भाजतो. वर्षानुवर्षं जात नाही."

बाईंनी एक काच उचलून उजेडात धरली. नाजूक वेल काचेभर चढली होती. एक पाकळी दुसरीहून तसूभर मोठी नव्हती.

"सुरेख आहे हो," बाई म्हणाल्या. "पण इतकं सफाईदार, की मशीनवरचंच वाटतं. तसं आमच्याकडे ढीगभर आहे."

थोरलीने मान खाली घातली. उभी हयात जी सफाई कमावली, तीच आडवी आली होती. ज्या लहानसहान दुकानांत त्यांच्या काचा खपायच्या, ती एकेक करून बंद झाली होती. इथेही नकार आला तर भट्टी थंड होणार होती. धाकटीचं काही अडत नव्हतं. तिच्या तोंडाच्या जोरावर तिला कुठेही काम मिळालं असतं. प्रश्न होता थोरलीचा. तिला ब्रशाशिवाय काही येत नव्हतं. साधा चहा ठेवला तरी तो उतू जायचा, कारण ही वर येणाऱ्या फेसाचे आकार बघत बसायची.

"बरं, येतो आम्ही," धाकटी कशीबशी म्हणाली आणि काचा गुंडाळायला लागली. त्यांच्या काचा ब्रश पुसायच्या जुन्या फडक्यांतच गुंडाळल्या जायच्या. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती फडक्याने काचेवर ओरखडा येत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेलं. चांगली खोकी आणायची राहून गेली म्हणून धाकटी मघापासून मनात स्वतःला शिव्या घालत होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे काय आहे?"

"कुठे काय?"

"हे. हातातलं."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ते ब्रश पुसायचं फडकं आहे हो. घाण आहे, धरू नका."

बाईंनी ते टेबलावर पसरलं. मग दुसरं, मग सगळीच. लाल डागात हिरवा ओघळला होता, कुठे पिवळ्याचा फटकारा मध्येच तुटला होता. बाई वाकून बघत राहिल्या. त्यांचा इस्त्री केल्यासारखा चेहरा पहिल्यांदाच विस्कटला.

"हे तुम्ही केलंत?"

"केलं कसलं, आपोआप होतं ते," थोरली म्हणाली. धाकटीने टेबलाखालून तिचा पाय दाबला.

पुढचं सगळं भराभर झालं. पडदे, उशांचे अभ्रे, चादरी, सगळं ह्या फडक्यांवरून काढता येईल, असं बाई सांगत होत्या. ही फडकी त्या ठेवून घेणार होत्या. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. अशीच नवी हवी होती, स्टोअरच्या रंगांत, राखाडी आणि निळ्या. ती पसंत पडली की काम कायमचं. त्यांनी पांढरंशुभ्र कापडही बरोबर दिलं. धाकटीला हसू आवरेना.

"म्हणजे काचा नकोत त्यांना," बसमध्ये थोरली म्हणाली.

"काचाही घेतील गं हळूहळू," धाकटीने ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरलीने कापड पसरलं, ब्रश रंगात बुडवला आणि टेकवला. फूल उमटलं.

"अगं, काढू नकोस काही. पूस नुसता."

थोरलीने पुसला. पान उमटलं, शिरेसकट. तिने डोळे मिटून पाहिलं, डाव्या हाताने पाहिलं. डाव्या हातालाही वेल येत होती. तिच्या कपाळावर घाम आला. "इतकी वर्षं तर होत होतं गं," ती पुटपुटली, आणि तिचा रडवेला चेहरा बघून धाकटीला भडभडून आलं.

मग धाकटीला युक्ती सुचली. "ताई, तू आपली नेहमीसारखी काच रंगव. फडकं राहू दे बाजूला. त्याच्याकडे बघायचंच नाही. ते आपोआप व्हायचं ते होईल."

थोरलीचा चेहरा उजळला. एवढं साधं कसं सुचलं नाही! तिने कोरी काच पुढ्यात घेतली. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून धाकटी दार ओढून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. दिवसभर तिने आत डोकावलं नाही. आतून ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज तेवढा येत राहिला, आणि तो ऐकून तिच्या जिवाला थोडं बरं वाटत होतं.

संध्याकाळी ती चहा घेऊन आत गेली. थोरली हात मांडीवर टाकून बसली होती.

"झालं का गं?"

"मी खरंच बघत नव्हते फडक्याकडे," थोरली म्हणाली. "शप्पथ. पण जीव सगळा तिकडेच लागला होता."

धाकटीने कप खाली ठेवला. कोऱ्या काचेवर निळे-राखाडी डाग फासले होते, आणि फडक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नाजूक, नेटकी वेल चढली होती.