सुपातले मणी

त्र्याहत्तर साली गावचे तळे आटले. त्याची माती आणून रतनबाई आणि तिची सून चांगुणा मढीच्या यात्रेत विकायला मण्यांच्या माळा आणि नक्षीच्या डब्या करू लागल्या. भट्टी नव्हतीच. मणी वळायचे, भोक पाडायचे, सुपात सावलीला वाळवायचे आणि मग रंगवायचे. पण वाळलेले मणी रोज कमीच भरत.

"उंदरं असतील, आत्याबाई," चांगुणा म्हणाली.

"उंदरं माती खात न्हाईत. चोर घरातलाच हाय." रतनबाई मणी वळता वळताच बोलत होती. "नऊ वर्सं झाली लग्नाला, पाळना हलला न्हाई. आता ही चोरी. तुझ्या बापाला सांगावा धाडते, येऊन घिऊन जाईल तुला. पोराचं दुसरं लगीन लावते."

चांगुणाने भरलेले सूप उचलून सावलीला नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी रतनबाईने सगळे मणी पेटीत घालून कुलूप लावले. दुपारी पाहिले तर वाळत ठेवलेल्या एका डबीच्या झाकणाचा कोपरा गायब. उरलेल्या झाकणावर दात उमटले होते. तिने सुनेकडे पाहिले. ओठाच्या कडेला माती होती.

"कितवा म्हैना?"

"तिसरा लागला."

रतनबाईने कुलूप काढून ठेवले आणि नवी माती भिजवली. संध्याकाळपर्यंत सूपभर मणी वळून तिने ते सुनेजवळ सरकवले.

त्या मण्यांना तिने भोके पाडली नव्हती, आणि रंगही लावला नाही.