डावा कोपरा

"आधी डावा कोपरा सांग," बाई म्हणाल्या.

पडद्यावर दरबाराचं जुनं चित्र होतं. मुलगा सांगू लागला. मधोमध राजा, सगळे त्याच्याकडे बघतायत. डाव्या कोपऱ्यात, खांबाआडून, पंखा ढाळणारा एक हात. बांगड्या आहेत.

"चेहरा?"

"काढलाच नाहीये. पाय दिसतात. अनवाणी."

"मग तिलाच टांग भिंतीवर."

इतिहासाच्या पुस्तकात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचं प्रदर्शन ही मुलं आपापल्या घरून, एका ऑनलाइन भिंतीवर मांडत होती. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आपल्यात एकाला दिसत नाही. कोण, ते विचारायचं नाही. पण चित्र असं सांगायचं की त्यालाही दिसावं, आणि काही म्हणता काही लपवायचं नाही.

आज मोठ्या बाई शाळेतल्या आपल्या खोलीतून तासाला बसल्या होत्या. हा वर्ग बाईंकडे ठेवायचा की दुसऱ्या कुणाकडे द्यायचा, हे त्या आजच ठरवणार होत्या. बाईंनी धसका घेतला होता. शिकवणंच सुटलं तर दिवसभर घरात करायचं काय?

संगणक नेहमीसारखा नवऱ्यानं सुरू करून दिला होता. यंत्राशी बाईंचं हाडवैर, हा शाळेतला जुना विनोद होता.

मोठ्या बाईंनी मधेच विचारलं, दिसत नाही तो विद्यार्थी कोण? नाव कळलं तर त्याची वेगळी सोय करता येईल.

"वेगळं काढलेलं नकोय," बाई म्हणाल्या. "सगळ्यांत राहू दे."

मोठ्या बाईंना ते पटलं. वर्ग छान चाललाय, तुम्हीच चालवा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

शेवटची पाळी वर्गातल्या बडबडीची. तिनं चित्र शोधलं नव्हतं, तास चालू असताना स्वतःच काढलं होतं. पुस्तकात यांना कुणी घेणार नाही, म्हणून भिंतीवर आपणच घेतलं, म्हणाली.

"डावा कोपरा?"

"रिकामा. मधे खुर्चीत एक बाई बसल्यात. करडा स्वेटर आहे, पण उलटा घातलाय."

बाईंचा हात खांद्यावर गेला. शिवण बाहेर आली होती.

"गोड हसतायत," बडबडी आज हळू बोलत होती. "आणि डाव्या कोपऱ्याकडे बघतायत."

"तिथे तर काही नाही म्हणालीस."

"नाहीच आहे. आम्ही समोर आहोत, बाई."