वेस्ली ओडमचे तीस चेंडू

पंधरावा चेंडूही कॅचरच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या फळीवर धाडकन आदळला.

"हात आखडलाय, मॅडम," वेस्ली ओडम खांदा चोळत म्हणाला.

"असू दे. अजून पंधरा आहेत." नॉर्मा टिडवेलने वहीत आणखी एक फुली मारली.

बेसबॉलचे खेळाडू पारखायला नॉर्मा गावोगाव हिंडायची. तिच्या संघाला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हवा होता. वेस्लीच्या बदल्यात त्याच्या संघाला दोन चांगले बॅटर द्यायला तिचा मालक हार्लन तयार बसला होता, नॉर्माने हो म्हणायचाच अवकाश. म्हणून चार तास गाडी हाकत ती नेब्रास्कातल्या या गावात आली होती. आणि हा गडी एक चेंडू धड टाकेल तर शपथ!

तीस झाले, तीस फुल्या झाल्या. चेंडू गोळा करायच्या निमित्ताने नॉर्मा फळीपाशी गेली. फळीवर दातांच्या डॉक्टरची जाहिरात रंगवलेली होती, भलंमोठं हसरं तोंड. त्यातल्या एकाच दाताचा रंग पार उडाला होता. बाकीचे लख्ख.

ती तरातरा परत आली. "तीसच्या तीस एकाच दातावर? कुणाला बनवतोस रे?"

वेस्लीने आधी कॅचरकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "बायकोने सोमवारी इथे बेकरी टाकलीय, मॅडम. लग्नाला सहा वर्षं झाली, गावं सात झाली. म्हणते, आठवं गाव तू एकटाच बघ."

"मग सरळ नाही म्हणायचं."

"पिचरला विचारतंय कोण? सौदा ठरला की बॅग भरायची."

नॉर्माने वही मिटली. तिची स्वतःची बॅग गेली कित्येक वर्षं गाडीच्या डिकीतून घरात गेली नव्हती.

तासाभराने बेकरीत बसून तिने फोन लावला. समोर दालचिनीचा रोल होता, दुसरा. पहिला कधी संपला ते तिलाही कळलं नव्हतं.

"एकही चेंडू जागेवर नाही?" हार्लन ओरडला. "म्हणजे माणूस बिनकामाचा!"

"छे हो. इतका अचूक हात मी तीस वर्षांत पाहिला नाही."

"मग घेऊन टाकू की!"

"घेऊ नका," नॉर्मा तोंडातला घास सावरत म्हणाली. "त्याच्या मनात नसलं, तर इतक्या अचूकपणे चुकणारा दुसरा कुणी नाही."