आवाज बंद

मालिका लागली की मी टीव्हीचा आवाज बंद करते आणि लेकीला विचारते, "आता नुसते चेहरे बघ. सांग, खोटं कोण बोलतंय?" पडद्यावरचं सगळंच खरं मानू नये, म्हणून मी शोधलेला हा खेळ. सात वर्षांची आहे, पण हल्ली एकदाही चुकत नाही.

काल धाकट्या जावेचं नवं घर बघायला गेलो. आमचं अख्खं घर मावेल एवढा मेलीचा नुसता हॉल, वर स्वयंपाकघराला वेगळी गॅलरी! मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "अगं, तुझ्यापेक्षा मलाच जास्त आनंद झालाय!"



समोर उभ्या असलेल्या लेकीने दोन्ही कान गच्च झाकले आणि ती टक लावून माझ्या चेहऱ्याकडे बघू लागली.