मागचा फोटो

या एका वर्षात देशाचे राष्ट्राध्यक्ष दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा गावातल्या साऱ्या सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवरचे फोटो माझ्याच फ्रेमच्या दुकानात आले. नवा फोटो ताठ बसावा म्हणून मी जुना त्याच्या मागेच ठेवून देतो; तेवढाच पुठ्ठा वाचतो. पण गेल्या महिन्यात हुकूम निघाला, की देश सोडून पळालेल्या जुन्या साहेबांचा फोटो ज्याच्याकडे सापडेल, त्याला सरळ आत टाकायचं.

"तुमचा हा चिक्कूपणा एक दिवस अंगाशी येणार," बायको रोज बजावते.

आज दुपारी इन्स्पेक्टर स्वतः पोलीस ठाण्यातली फ्रेम काखेत मारून आले. आत येऊन त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

"उघड ही."

"काच तडकली का, साहेब?"

"उघड म्हटलं ना!"

चार खिळे काढता काढता माझा घाम निघाला. नव्या साहेबांच्या मागून जुने साहेब हसत बाहेर आले. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

इन्स्पेक्टरांनी मात्र सुटकेचा श्वास सोडला.



"आहेत म्हणायचे! चल, यांना पुढे घे. आठच्या बातम्यांच्या आत."