दगड आधी, वाळू नंतर

“वाळू आधी नाही. आधी दगड,” सून म्हणाली, आणि नवऱ्याने हातातली वाळूची पिशवी तशीच खाली ठेवली.

मागच्या वेळी नेमकं उलट झालं होतं. काचेच्या टाकीत आधी छान जाड वाळू पसरली, तिच्यावर दगड रचले आणि पैलवानाला सोडलं. पैलवान म्हणजे सिक्लिड जातीचा निळा, आडदांड मासा. या जातीला खोदायचं भारी वेड. तोंडात वाळू भरायची, लांब नेऊन टाकायची, की पुन्हा हजर! एका दुपारी मोठा दगड काचेवर कोसळला, काच फुटली आणि दिवाणखान्याचं तळं झालं. घरात तेव्हा एकट्या सासूबाई होत्या. बिचाऱ्या नखशिखांत भिजल्या आणि दुसऱ्याच दिवशी बॅग भरून मोठ्या मुलाकडे निघून गेल्या. सुनेने हजारदा माफी मागितली, पण त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

परवा त्या पुन्हा राहायला येणार होत्या.

“आईसमोर एक जरी दगड हलला,” नवरा म्हणाला, “तर पैलवान दुकानात परत. मग मी काही ऐकून घेणार नाही.”

“आणि नाही हलला तर?”

“तर तो म्हणेल ती पूर्व दिशा.”

सून इरेला पेटली. नव्या टाकीच्या तळाशी तिने मापात कापलेली प्लॅस्टिकची जाळी अंथरली, म्हणजे दगडाचं टोक काचेवर एकाच जागी टेकणार नाही आणि वजन पसरेल. भोपळ्याएवढा मोठा दगड रुंद बाजू खाली करून थेट जाळीवर ठेवला. तळहाताने दाबून पाहिला. किंचित डुगडुगला. उचलला, फिरवला, पुन्हा ठेवला. आता ढिम्म. वरचे दगड तिने सिलिकॉनने एकमेकांना चिकटवले. नवरा आधी हाताची घडी घालून बघत होता. थोड्या वेळाने तोही बाह्या सारून पुढे सरसावला.

“हा बघ, असा बसतो!” तो ओरडला, जणू दगडाचा शोध त्यानेच लावला होता.

सिलिकॉन पक्कं वाळल्यावर दगडांभोवती वाळू ओतली, मग पाणी भरलं, आणि सगळ्यात शेवटी, काच फुटल्यापासून टबात मुक्कामाला असलेला पैलवान आला.

“आता खोद म्हणावं पाताळापर्यंत,” सून म्हणाली.

सासूबाई आल्या. दारातल्या चपला त्यांनी एका ओळीत लावल्या, भिंतीवरचा फोटो सरळ केला आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“हाच तो गुन्हेगार,” नवऱ्याने ओळख करून दिली.

सासूबाई काचेजवळ वाकल्या. नुसत्या बघत राहिल्या.

पैलवानाने पाहुण्यांची भीडभाड ठेवली नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत मोठ्या दगडाच्या बुडाशी तोंड घातलं आणि वाळू उपसायला सुरुवात केली. खड्डा झाला. खड्ड्याचं विवर झालं.

“गेला, गेला!” नवरा खुर्चीतून अर्धा उठला.

“थांब रे!” सुनेने उशी छातीशी आवळून धरली.

वाळूखालची पांढरी जाळी दिसायला लागली. दगडाची खालची कड उघडी पडली. पैलवानाने शेवटचा घास उपसला, जाळीवर दोनदा तोंड आपटलं आणि रागारागाने वळून दगडांमागे निघून गेला. दगड तसूभरही हलला नव्हता.

“जिंकलो!” सुनेने उडीच मारली.

“हरलो बाई,” नवऱ्याने हात जोडले. “राहू दे तुझा पैलवान. जन्मभर राहू दे.”

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने मनावर असलेलं ओझं उतरलं होतं. तिने सासूबाईंना मिठी मारली. “आई, आता अगदी निर्धास्त राहा. माझीच चूक होती ती.”

सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग घसा खाकरून म्हणाल्या, “चहा टाक गं जरा.”

सून जवळजवळ नाचतच स्वयंपाकघरात गेली. मागोमाग नवरा गेला, जाळीची कल्पना मुळात कोणाची यावर वाद घालत. चहा झाला. कपांचा ट्रे घेऊन ती परत आली आणि दारातच थबकली.

टाकीचं झाकण बाजूला काढलेलं होतं. सासूबाई स्टुलावर उभ्या होत्या. त्यांची बाही खांद्यापर्यंत वर होती आणि हात पाण्यात होता. दाराकडे पाठ करून त्या मोठ्या दगडाला जोर लावत होत्या आणि पैलवानाशी हळू आवाजात बोलत होत्या.

“जरा बाजूला हो रे राजा. थोडा डावीकडे घेतला की कसा नीट दिसेल... मेला हलतच नाही! मागच्या वेळी तर नुसतं बोट लावलं होतं.”